बेस सांग

औषध कंपनीत एमआर म्हणून मी एकतीस वर्षं काढली. हेडक्वार्टर सोलापूर, रूट बार्शी, तुळजापूर, उस्मानाबाद, लातूर. (उस्मानाबादचं आता धाराशिव झालं, पण टूर प्रोग्रॅमवर आयुष्यभर उस्मानाबाद लिहिलं, हात तसाच वळतो.) लोकांना किती गोळ्या गिळायला लावल्या याचा हिशेब एवढ्या वर्षांत कधी मांडला नाही. स्वतःवर गिळायची वेळ आली तेव्हा मांडावासा वाटला.

गेल्या महिन्यात भाची मुक्कामाला आली होती. एमडी मेडिसिन, पुण्याला प्रॅक्टिस. तिने माझे रिपोर्ट पाहिले, बीपीची गोळी आहे तशीच ठेवली आणि चिठ्ठीवर रात्रीची एक वाढवली. कोलेस्टेरॉलची, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. मी चिठ्ठीची घडी घातली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचली. आमच्याकडे कॅलेंडरमागे गेलेला कागद पुढच्या दिवाळीच्या साफसफाईतच बाहेर येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

"मामा, तुला गोळी घ्यायची नाहीये."

"नाही."

"या घराचा वरचा मजला ज्या गोळीच्या इन्सेंटिव्हवर चढला, तीच ना ही?"

तीच. मी उत्तर न देता माळ्यावरून जुनी डिटेलिंग बॅग काढली. काही व्हिज्युअल एड्स अजून तिच्यात आहेत, रद्दीत द्यायला जीव होत नाही. २००३-०४ सालचं उघडलं. जाड गुळगुळीत पान. दोन खांब, एक लाल आणि उंच, दुसरा हिरवा आणि बुटका. मधे अंगठ्याएवढ्या टायपात ३६%. लाल खांब हिरव्याच्या तिप्पट दिसतो, कारण बाजूची पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही. आणि ३६ च्या खांद्यावर एक बारीक तारका. पान डॉक्टरांसमोर धरलं की माझं बोट नेमकं त्या तारकेवर यायचं. ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. बोट आपसूक तिथे जायचं.

"तारकेखालचं वाच," मी म्हणालो.

पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अभ्यासाचं नाव होतं, अ‍ॅस्कॉट, आणि दोन आकडे: ३.० आणि १.९. बाकीचं तिने फोनवर काढलं. २००३ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेला अभ्यास. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातले बीपीचे पेशंट, शिवाय प्रत्येकाला हृदयविकाराची आणखी तीन तरी कारणं असलेली. गोळी घेणारे ५,१६८. त्यातल्या १०० जणांना झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणारे ५,१३७, त्यातले १५४. काळ साधारण सव्वातीन वर्षं.

"म्हणजे शंभरात तीन होते, त्यांचे दोन झाले," मी म्हणालो. "यालाच मी डॉक्टरांसमोर छत्तीस टक्के म्हणत होतो."

इथे एक आठवण सांगायलाच हवी. आमचे एक रिजनल मॅनेजर होते. मंथली मीटिंगमध्ये कुणी उठून "सर, परंड्याला फिफ्टी पर्सेंट ग्रोथ" म्हणालं की ते तोंडातलं पान सावरत एवढंच विचारायचे, "बेस सांग." बेस निघायचा दोन स्ट्रिपांचा. दोनाच्या तीन झाल्या की पन्नास टक्के वाढ. हा प्रश्न आम्ही सेल्सच्या कागदाला दर महिन्याला विचारत होतो. त्याच बॅगेतल्या व्हिज्युअल एडला एकदाही विचारला नाही.

भाचीला किस्सा आवडला. "आमच्याकडे त्याला शब्द आहेत. छत्तीस ही सापेक्ष घट. शंभरातून एक गेला, ती निव्वळ घट."

निव्वळ हा शब्द मला पटला. रिटर्न आणि एक्सपायरी वजा जाता हातात उरतं ते.

"याच्यापुढे अजून एक पायरी आहे. १९८८ साली लॉपॅसिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स या तिघांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये मांडलेली. निव्वळ घट उलटी करायची. शंभरात १.०६ माणसांचा झटका टळत असेल, तर एकाचा टळायला किती जणांना औषध द्यावं लागेल? याला आम्ही एनएनटी म्हणतो."

मी फोनवर भागाकार केला. चौऱ्याण्णव. मग सवयीने पुढे गेलो. चौऱ्याण्णव माणसं, रोज एक गोळी, सव्वातीन वर्षांहून थोडं जास्त, एकूण एक लाख तेरा हजार गोळ्या. दहाची स्ट्रिप धरली तर अकरा हजार तीनशे स्ट्रिपा.

"अगं, एवढा माल उठवायला मला किती क्वार्टर लागले असते! आणि तो खपला कशासाठी, तर एक झटका चुकवायला. उरलेल्या त्र्याण्णवांनी गोळ्या गिळल्या त्या गिळल्याच. मी त्या त्र्याण्णवांतला."

"कशावरून?"

"शक्यता तीच जास्त आहे."

"मग तेव्हा खोटं बोलत होतास की आता बोलतोयस?"

"दोन्ही वेळा खरं."

"तेच म्हणतेय मी. पेपर एकच आहे. विकायचं होतं तेव्हा त्यातलं छत्तीस उचललंस, टाळायचंय तेव्हा एक उचलतोयस. टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलास, बाकी काही बदललं नाही."

हे मला लागलं, म्हणून मी मुद्दाम ताणलं. म्हटलं, सापेक्ष आकडा छापायलाच बंदी घालावी. तो विकायच्याच कामाचा.

"घाबरवायच्याही," ती म्हणाली. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बायकांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात सुमारे तेरा हजारांनी वाढले. बेस होता सात हजारांत एक. दुप्पट म्हणजे सात हजारांत दोन. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो.

"मग माझंच म्हणणं खरं झालं."

"अर्धं. सापेक्ष आकडा फेकून दिलास तर माझ्या हातात काहीच उरत नाही. अ‍ॅस्कॉटमधली माणसं मला ओपीडीत भेटत नाहीत. मला भेटतात चाळिशीतला आयटीवाला, झटका येऊन गेलेला रिक्षावाला, तुझ्यासारखा हटवादी पेन्शनर. प्रत्येकाचा बेस वेगळा. पण औषध धोका किती पटीने उतरवतं, ते माणसागणिक फारसं बदलत नाही. ते प्रमाण घ्यायचं आणि समोरच्याच्या बेसला लावायचं."

तिने पेन घेतलं आणि माझ्या जुन्या व्हिज्युअल एडच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागली. १९९४ सालचा स्कँडिनेव्हियातला अभ्यास, फोर-एस नावाने ओळखला जाणारा. ४,४४४ पेशंट, सगळ्यांना आधी झटका येऊन गेलेला किंवा अँजायना असलेला. औषध सिम्व्हास्टॅटिन, काळ साडेपाच वर्षांच्या आसपास. औषधाविना मेले २५६, औषधावर १८२. सापेक्ष घट तीस टक्के, म्हणजे माझ्या लाल-हिरव्या पानापेक्षा कमीच. पण इथे बेस होता शंभरात साडेअकरा. निव्वळ घट सव्वातीन. एनएनटी तीस.

"आणि इथे नुसते झटके मोजले नाहीत, मृत्यू मोजलेत," ती म्हणाली. "तीस टक्के छत्तीसपेक्षा मोठे कसे, ते आता तुझ्या रिजनल मॅनेजरला सांग."

बीपीच्या गोळ्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये १४३ पुरुष घेतले, खालचा बीपी ११५ ते १२९. दीड-दोन वर्षांतच औषधाविना असलेल्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या, औषधावरच्या ७३ जणांत दोन. तिघांना औषध दिलं की एकाचं संकट टळत होतं. पुढे ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने सतरा हजारांवर माणसं घेतली, पण सौम्य बीपीची, खालचा ९० ते १०९. निकाल १९८५ साली आला. पक्षाघात औषधावर ६०, औषधाविना १०९. जवळजवळ निम्मे, सापेक्ष घट झकास. पण त्या अभ्यासकांनीच प्रामाणिकपणे लिहिलं, की एक पक्षाघात टाळायला सुमारे ८५० जणांना वर्षभर औषध द्यावं लागेल. एकाच रोगाचं नाव, एकीकडे तीन आणि दुसरीकडे साडेआठशे.

मी विचारलं, "हे तू पेशंटला सांगतेस?"

ती थोडी थांबली. "झटका येऊन गेलेल्याला सांगते. तुझ्यासारख्याला विचारलं तर सांगते."

"विचारलं तर! त्याला काय माहीत, काय विचारायचं ते? मला एकतीस वर्षं बॅग वागवून माहीत नव्हतं."

"मामा, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. चौऱ्याण्णव हा आकडा ऐकला की प्रत्येकाला वाटतं, आपण त्र्याण्णवांतले. गोळी त्याच दिवशी बंद."

"लॉटरीचं तिकीट घेताना मात्र प्रत्येकाला वाटतं, तो एक आपणच. तिथे कुणी आकडे लपवत नाही."

"मी लपवत नाही. कुठला आधी सांगायचा ते ठरवते."

"मीही तेच करत होतो. बोटाने."

यावर ती चिडली, आणि मला वाटतं रास्त चिडली. तिला इन्सेंटिव्ह नव्हता. पण या मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. माझं मत अजूनही हेच आहे, की माणसाच्या घशाखाली रोज काही उतरवायचं असेल तर त्याला पूर्ण आकडा सांगावा आणि मग त्याने काहीही ठरवलं तरी गप्प बसावं. ती म्हणते, हे बोलायला सोपं आहे, आणि मग रात्री अडीचला आयसीयूतून फोन येतो तेव्हा गप्प बसायला मीच असते.

माझ्याकडे अजून एक बाण होता. निवृत्तीत वाचायला वेळ मिळतो. २०१५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी स्टॅटिनचे, म्हणजे याच जातीच्या गोळ्यांचे, अकरा अभ्यास घेऊन वेगळाच हिशेब केला: गोळीमुळे मरण किती पुढे ढकललं जातं? उत्तर आलं, आधी हृदयविकार नसलेल्यांत ३.२ दिवस, असलेल्यांत ४.१ दिवस.

"चार दिवस!" मी म्हणालो. "वर्षानुवर्षं रोज गोळी, आणि पदरात चार दिवस. तेवढ्यात पाहुणासुद्धा परत जात नाही."

ती हसली, पण सोडलं नाही. "तो सगळ्यांत वाटून काढलेला आकडा आहे, आणि अभ्यास चालला तेवढ्या वर्षांपुरताच मोजलेला. अभ्यास थांबला म्हणून माणसं जगायची थांबत नाहीत. शिवाय प्रत्येकाला चार-चार दिवस मिळाले, असं त्यात कुठे आहे? एखाद्याला दहा वर्षं मिळाली असतील आणि बाकीच्यांना काही नाही. किंवा सगळ्यांच्याच धमन्यांतलं साठणं थोडं थोडं मंदावलं असेल. कुठलं खरं, ते असल्या बेरजेतून कळत नाही. तुझ्या त्र्याण्णवांचंही तेच. 'एकाला फायदा, बाकीच्यांना शून्य' ही आपण आकड्याला चिकटवलेली गोष्ट आहे."

हा मुद्दा मी आधी कुठे ऐकला नव्हता. एनएनटीच्या त्या सुटसुटीत भागाकाराला मी लगेच माणसं चिकटवली होती, एक वाचलेला आणि त्र्याण्णव फसलेले. प्रत्यक्षात अभ्यासाला फक्त दोन गटांतला फरक दिसतो.

मी मोर्चा बदलला. "ही सगळी गोरी माणसं. सोलापूरच्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाला यातलं काय लागू?"

"आपल्याकडे झटका पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात येतो. म्हणजे तुझा बेस वरच असेल, खाली नाही. आणि 'माझ्यासारख्यांचं वेगळं काढून दाखवा' या हट्टाचं काय होतं ते ऐक."

१९८८ सालचा आयसिस-टू अभ्यास. नुकता झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ पेशंट. अ‍ॅस्पिरिनने हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे पाच आठवड्यांतले मृत्यू शंभरात ११.८ वरून ९.४ वर आणले. अ‍ॅस्पिरिनची किंमत बघता हा निकाल म्हणजे सोनंच. लॅन्सेटच्या संपादकांचा आग्रह, की वेगवेगळ्या गटांचे निकाल फोडून द्या. तेव्हा अभ्यासकांनी एक तक्ता पेशंटच्या राशीप्रमाणे दिला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने उलट किंचित तोटा, बाकीच्या दहा राशींना भरघोस फायदा! अर्थात हा योगायोग. गट पुरेसे लहान करत गेलं की कुठेतरी काहीतरी विचित्र निघतंच, हे त्यांना दाखवायचं होतं.

आतून मामी म्हणाली, "यांची तूळच आहे." त्या राशी जन्मतारखेवरच्या, आपल्या चंद्रराशी नव्हेत, हे तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली.

तोट्याचा हिशेबही असाच करतात. किती जणांना औषध दिल्यावर एकाचं नुकसान होतं? स्टॅटिनबाबत २०१० साली तेरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली की मधुमेहाचा एक जास्तीचा पेशंट तयार होतो, असं निघालं. भाचीने हे न विचारता सांगितलं, याची नोंद करतो.

"बरं, मग चांगला आकडा दिसतो कसा?" मी विचारलं.

"गडचिरोलीचा माहीत आहे?"

नाव माहीत होतं, आकडा नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'चं काम. ३९ गावांत प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच बायका घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत, जंतुसंसर्ग ओळखून औषधही देत. तुलनेला दुसरी ४७ गावं. लॅन्सेटमध्ये १९९९ साली आलं. १९९७-९८ मध्ये दर अठरा बाळांची काळजी घेतली, की पोटातला किंवा जन्मानंतरच्या महिन्यातला एक मृत्यू टळत होता. अठरा! आणि कारण पुन्हा तेच, बेस. त्या गावांत आधी हजारात बासष्ट बाळं महिन्याच्या आत जात होती.

"अठरा कुठे आणि चौऱ्याण्णव कुठे," मी म्हणालो. "तुझी गोळी हरली."

"थांब. आता तुझ्याच रूटवरचा आकडा देते."

उस्मानाबाद जिल्हा. १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेला अभ्यास. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या विषाणूची, एचपीव्हीची, टेस्ट देऊ केली. आयुष्यात एकदाच. ज्यांची पॉझिटिव्ह आली त्यांना पुढची तपासणी आणि उपचार. आठ वर्षांनी मोजलं: त्या गटातल्या ३४,१२६ पैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ पैकी ६४. (तपासणी न देता एक गट ठेवला, यावरून पुढे टीकाही झाली.)

त्या रस्त्यांवर मी तेव्हा मोटरसायकलने फिरत होतो, ढोकी, येडशी, कळंब. बॅगेत ३६%.

"आता तू बेस काढ," ती म्हणाली.

दहा हजारांत वीस होत्या, दहा झाल्या. सापेक्ष घट पन्नास टक्के, पेपरात मथळा होईल अशी. निव्वळ घट हजारात एक. उलटं केलं तर ९६५.

"चौऱ्याण्णव नाकारणारा माणूस नऊशे पासष्टला काय म्हणेल?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. नुसत्या भागाकाराने ही टेस्ट माझ्या गोळीच्या दसपट वाईट. पण चौऱ्याण्णवांतला प्रत्येकजण सव्वातीन वर्षांत बाराशे गोळ्या गिळतो. नऊशे पासष्टातली प्रत्येक बाई एकदा, दहा मिनिटं, टेबलावर झोपते. आणि वाचते ती पंचेचाळीस-पन्नासची, जिच्या घरात अजून लग्नं व्हायची आहेत. ढोकीच्या स्टँडसमोर एक चहावाली होती, माझी बॅग सांभाळायची. ती कुठल्या गटात असेल, कोण जाणे.

"सगळ्या सुना-लेकींना या टेस्टचं सांगितलंस का?" मी विचारलं.

"त्या विचारत नाहीत," ती म्हणाली आणि आपलंच वाक्य ऐकून गप्प झाली.

मग मी म्हटलं, माझा बेस सांग. गोऱ्यांचा नको.

तिने वय लिहिलं, बीपी, वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या सिगारेटी, रिपोर्टातले आकडे. "येत्या दहा वर्षांत शंभरात वीसच्या घरात. हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. गोळीने पाव हिस्सा किंवा थोडा जास्त उतरेल. वीसचे चौदा-पंधरा."

"म्हणजे सतरा ते वीस जणांत एक."

"दहा वर्षं घेतलीस तर. तुझे चौऱ्याण्णव सव्वातीन वर्षांचे होते. तू बेस विचारतोस, पण मुदत विचारत नाहीस."

क्वार्टरचं टार्गेट वर्षाच्या टार्गेटशी ताडून पाहणाऱ्याला मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आलो. मामीने चहा आणून ठेवला होता, तो निवला.

"पाच वर्षं घेतो," मी म्हणालो. "मग परत बेस काढायचा. तोवर गोळीने पोटऱ्या दुखल्या तर ऐकून घ्यायचं."

"ऐकेन."

कॅलेंडरमागून चिठ्ठी काढली, उलगडली. तिचं अक्षर डॉक्टरच्या मानाने स्वच्छ आहे. ब्रँडचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आता काय झालं?"

"अगं, चौदा वर्षं याच ब्रँडच्या विरुद्ध डिटेलिंग केलंय मी. बार्शीतल्या एकूण एक केमिस्टच्या काउंटरवर."

"मॉलेक्यूल तोच आहे, मामा."

"ते तू मला सांगतेस?"

मी पेन पुढे केलं. तिने ब्रँड खोडला आणि खाली मॉलेक्यूलचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, सुटं सुटं.